वडीलकीचे चार शब्द : पदवी हातीं आली, पुढें काय?

विद्यापीठांचे निकाल लागले कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरून गेलेला असतो. यंदाच्या पत्रांपैकीं एक एका एकत्र कुटुंबांतील काकांचें आहे. पुतण्या बी. कॉम. होऊन तीन वर्षें झालीं. पुण्यास खोली घेऊन तो सनदी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करतो. दोनदां अपयश आलें. आतां आणखी एक वर्ष मागतो. आजी म्हणतात, पोराला धीर द्या. वडील म्हणतात, पैसे बंद करा. “आम्हीं काय करावें?” असा काकांचा प्रश्न आहे. तो एकाच घरचा नसल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

प्रथम पदवी म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं अध्ययन पुरें झाल्यावर शिष्य विधिपूर्वक स्नान करी, म्हणून तो स्नातक. आणि मग गुरुगृहाहून स्वगृहीं परते, म्हणून त्या संस्काराचें नांव समावर्तन. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत आचार्य शिष्यास निरोपाचा उपदेश करतात. त्यांत सत्य व धर्म यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत : घरीं गेल्यावरहि अध्ययन सोडूं नये, आणि आपल्या ऐहिक उत्कर्षाची हेळसांड करूं नये. म्हणजे तें स्नान हा विद्येचा शेवट नव्हे, आणि पोटापाण्याचा विचार ही हलकी गोष्टहि नव्हे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १८६२ सालीं तेथून बी. ए. झालेली पहिली तुकडी अवघी चौघांची. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. पदवीधर इतके विरळा, तेव्हां पदवीमागून मान आपोआप येई. तरीहि भांडारकरांनीं आरंभीं हायस्कुलांत मुख्याध्यापकी केली आणि विद्यार्थ्यांसाठीं संस्कृतचीं पाठ्यपुस्तकें रचलीं. आज या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या घरीं एकाहून अधिक पदवीधर असतील. पदवीनें आतां अर्ज करण्याचा अधिकार मिळतो, त्याहून फारसें कांहीं नाहीं.

आतां परीक्षेकडे वळूं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या सनदी सेवा परीक्षेसाठीं १० लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष बसले सुमारें ५ लाख ९२ हजार, आणि नेमणुकीसाठीं शिफारस झाली १०१६ जणांची. म्हणजे बसणाऱ्या पांचशेंहून अधिकांत एक. मागें राहिलेले सारे आळशी होते असें कोण म्हणेल? जागाच तेवढ्या होत्या. खुल्या वर्गास वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा वेळां बसण्याची मुभा आहे. एकविसाव्या वर्षीं पदवीधर झालेला मुलगा या एका दाराशीं अकरा वर्षें उभा राहूं शकतो. मुभा आहे म्हणून ती सगळी वापरलीच पाहिजे असें नाहीं.

तेव्हां काकांस माझें सांगणें असें. एक वर्ष द्यावें. पण तें अवधि ठरवून द्यावें. शेवटचा दिवस कागदावर लिहावा आणि त्यावर मुलानें व वडिलांनीं सही करावी. त्या वर्षांत मुलानें रोज तीन-चार तास एखाद्या सनदी लेखापालाच्या कचेरींत काम करावें, बी. कॉम. झालेल्यास जमाखर्चाचीं व जी. एस. टी. चीं विवरणपत्रें हाताखालून गेलेलीं कधींहि उपयोगीं पडतात. घरच्यांनीं त्या वर्षांत पानावर बसतां बसतां टोमणे मारूं नयेत. अवधि संपल्यावर मुलानें मुदतवाढ मागूं नये आणि घरच्यांनीं ‘नापास’ हा शब्द काढूं नये. मुलगी असेल तर तिलाहि हाच अवधि द्यावा. चांगलें स्थळ आलें म्हणून तो मध्येंच तोडूं नये.

एक दार बंद झालें तर तेथवर शिकलेलें वायां जातें काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें चित्रकला शिकण्यास गेले. आपणांस रंग नीट ओळखतां येत नाहींत हें ध्यानांत येतांच त्यांनीं चित्रकला सोडली, परंतु यांत्रिक रेखाटन सोडलें नाहीं. त्याच विद्येवर ते पुढें शिक्षक झाले. मग बेळगांवीं सायकलींचें दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० त किर्लोस्करवाडी. रंगांसाठीं ते तेथें दहा वर्षें अडून बसते, तर?

आतां नव्या पदवीधरांस दोन शब्द. पहिल्या नोकरींत पगारापेक्षां शिकवणारें माणूस कोण आहे हें पाहावें. जो वरिष्ठ तुमच्या मसुद्यावर तांबड्या शाईनें खुणा करतो, त्याच्या हाताखालीं दोन वर्षें काढावीं. जो न वाचतां सही करतो, त्याच्याकडे पगार अधिक असला तरी पुनः विचार करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वयें पदवीधरासहि विद्यावेतन घेऊन काम शिकतां येतें. ‘शिकाऊ’ या शब्दाची लाज वाटूं देऊं नये. मात्र घरीं कर्ज किंवा आजारपण असेल तर आधीं पगार पाहावा. घरासाठीं घेतलेली साधी नोकरी ही कोणत्याहि हुद्द्याहून कमी प्रतीची नाहीं.

बावीस ते सत्तावीस हीं वर्षें शिकण्याचीं आहेत, आणि कामावांचून शिकणें आतां फारसें उरलेलें नाहीं. परीक्षा द्या, परदेशीं जा, दुकान काढा. पण कोरीं वर्षें मागें टाकूं नका.

पहिला पगार हातीं आल्यावर त्याचा हिशेब कसा ठेवावा, हें पुढील अंकीं पाहूं.