दोष जाळ्याचा की बंधाऱ्याचा?

आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीमातेचा जन्मदिवस साजरा होतो. चुनरी अर्पण होते, आरती होते, पुढाऱ्यांची भाषणे होतात. नदीतले मासे कुठे गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते : माछी-ढीमर लोकांनी जाळी टाकून संपवले. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. ते अर्धवट आहे आणि सत्तेवर बसलेल्यांच्या सोयीचे आहे.

आधी जाळ्याचेच पाहू. पाग हे हाताने फेकायचे जाळे. एका फेकीत त्याखाली येतील तेवढेच मासे सापडतात. बांबूच्या सापळ्याच्या फटींतून लहान पिल्ले निसटून जातात. सुती आणि सणाची जाळी पाण्यात कुजत, म्हणून ती काढून वाळवावी लागत. तेवढी नदीला उसंत मिळे. जुने ते सगळे सोने होते, असे आमचे म्हणणे नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी लावलेला सापळा अंडी घालायला निघालेली मादीही पकडतो. झाडपाल्याचे विष कालवून डोह उपसण्याची रीतही जुनीच आहे, आणि ती वाईटच आहे. पण आज खरा घात होतो तो तंगुसाच्या आणि मच्छरदाणीच्या जाळ्यांनी. तंगूस कुजत नाही, रात्रंदिवस पाण्यात राहतो आणि तुटून वाहून गेला तरी मासे अडकवत राहतो. मच्छरदाणीतून तर बोटभर पिल्लूही सुटत नाही. यावर बंदी हवीच, त्यात आम्ही कोणाची गय करणार नाही.

पण एवढ्यावर थांबणे हा अन्याय आहे. हिलसा, म्हणजे आपला पालवा, इकडच्या भाषेत चाकसी, समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात गोड्या पाण्यात अंडी घालायला नदी चढतो. नदीतल्या मोठ्या कोळंबीचे उलट. तिच्या पिल्लांना खारट पाणी लागते, म्हणून ती खाली उतरते. दोघांनाही खाडीपासून वरपर्यंत वाट मोकळी हवी. आपण काय केले? १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा, १९७२ साली उकाई धरण आणि १९९५ साली शहरातच सिंगणपोरचा कॉजवे. एकामागून एक दारे लावली. कॉजवेच्या वर साचलेले पाणी आणि जलपर्णी, खाली खारे पाणी आणि गटारे. पाग फेकणारा माणूस यात कुठे बसतो?

ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या माशांवर १८७३ साली अहवाल दिला. त्यात बारीक जाळ्यांबरोबरच माशांना वाट न ठेवता बांधलेल्या पाटबंधाऱ्याच्या बांधांवरही त्याने बोट ठेवले होते. पुढे १८९७ चा मत्स्य कायदा आला. सुरुंग आणि विष यांवर बंदी आली. जाळी, एका जागी रोवलेले सापळे आणि बांध यांवर नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणजे ढीमराच्या बांबूच्या बांधाला कायदा, आणि सरकारच्या सिमेंटच्या बांधाला उद्घाटनाची फीत! गंगेवर १९७५ साली फराक्का बांध सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा दिसेनासा झाला. तिथेही दोष आधी कोळ्यांनाच दिला गेला असेल, तर आम्हाला नवल वाटणार नाही.

शहराला पाणी हवे, हे आम्हाला कळते. तेच पाणी आम्हीही पितो. बंधारे पाडा, असे कोणी म्हणत नाही. पण माशांसाठी जिना बांधता येतो. भर पावसात ठरावीक काळ दरवाजे उघडे ठेवता येतात. आता महापालिकेने रुंढ-भाठा दरम्यान नवे बॅरेज हाती घेतले आहे. त्याच्या आराखड्यात माशांची वाट आहे का, हे आपल्या नगरसेवकांनी जाहीरपणे सांगावे.

आपल्यातली काही घराणी गायकवाडांच्या अमदानीपासून सोनगड, व्यारा, नवसारी या पट्ट्यात आहेत, काहींचे मूळ भुसावळ-जळगावकडे. दोन्हीकडे पाणी तापीचेच. आपल्या कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, हे खरे. पण नदी आपली म्हणायची आणि तिच्यातल्या जिवांशी व तिच्यावर पोट भरणाऱ्या लोकांशी देणेघेणे नाही म्हणायचे, हे शोभत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा : जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांचा, किमान आकार नदीसाठी ठरवावा आणि तो पाळला जातो का हे घाटावर जाऊन तपासावे. अंडी घालण्याच्या काळात नदीतली मासेमारी बंद ठेवावी, आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना निर्वाहभत्ता द्यावा. नव्या बॅरेजला आणि जुन्या कॉजवेला माशांचा जिना असावा. यंदाच्या सप्तमीला जो पुढारी चुनरी घेऊन ओवाऱ्यावर येईल, त्याला सभासदांनी हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.