खाणीच्या तोंडाशी

दिवाळीच्या सुमारास वणी–घुगुस रस्त्याला लागलं की कडेच्या वावरातला कापूस करडा दिसतो. कोळशाच्या ट्रकांची धूळ बोंडांत शिरलेली असते आणि तो कापूस बाजारात नेला की व्यापारी भाव पाडून मागतो. राज्याच्या विजेसाठी यवतमाळ जिल्हा काय मोजतो, ते इथे उघड्यावर दिसतं. कोरोनाच्या दोन वर्षांत ही किंमत फार वाढली आणि तिचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

मार्च 2020 मध्ये देश घरात बसला, पण कोळसा अत्यावश्यक ठरला होता. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणपट्ट्यातला कामगार पाळीवर जातच राहिला. कारखाने बंद, विजेची मागणी घसरलेली, तरी कोल इंडियाने 2020-21 मध्ये जवळपास 59 कोटी 60 लाख टन कोळसा काढला. आदल्या वर्षीपेक्षा हा आकडा जेमतेम 60 लाख टनांनी कमी होता. उचल मात्र मंदावली. मार्च 2021 अखेर देशभरातल्या खाणींच्या तोंडाशी दहा कोटी टनांच्या घरात कोळसा साठला. असा कोळसा मुकाट पडून राहत नाही. हवा लागून तो आतून तापतो, ढिगाच्या कुशीतून धूर निघू लागतो, मग पाणी मारा, ढीग उपसा, पुन्हा दाबा. ही कामं बहुतेक कंत्राटी माणसं करतात, आणि तीही त्याच धुरात उभं राहून.

एवढा साठा असूनही 2021 च्या नवरात्रात राज्यातले 13 वीजनिर्मिती संच कोळशाअभावी बंद पडले. सकाळ-संध्याकाळ वीज जपून वापरा, असं महावितरणला सांगावं लागलं. मार्च 2020 अखेर देशातल्या वीजकेंद्रांकडे पाच कोटी टनांच्या आसपास कोळसा होता. ऑक्टोबर 2021 च्या सुरुवातीला तो 80 लाख टनांवर आला होता. मधल्या काळात वीजकेंद्रांनी साठा करण्यात हात आखडता घेतला होता आणि कोळसा कंपन्यांची देणी थकली होती. दुसरी लाट ओसरताच कारखाने एकदम सुरू झाले, परदेशी कोळसा परवडेनासा झाला आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीने खाणींत पाणी भरलं. पेरूतल्या तांब्याच्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणी टाळेबंदीत थांबल्या, म्हणून या धातूंचा जगाचा पुरवठा अडखळला. आपल्याकडे टाळेबंदीत खाण थांबली नव्हती. जमिनीतून काढलेला माल वेळेत भट्टीपर्यंत पोचवणारी साखळी विस्कटली होती.

त्या साखळीची सर्वांत नाजूक कडी माणसाचं फुप्फुस आहे, असं आमचं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं कोळशाची धूळ ओढलेल्या छातीवरच या विषाणूने घाला घातला. कोल इंडियाने शेकडो कर्मचारी गमावले. कोरोनाने झालेला मृत्यू अपघाती मानून भरपाई देण्याचा निर्णय झाला, तो योग्यच होता. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. फेब्रुवारी 2021 मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोल्यात कोरोना पुन्हा पेटला तेव्हा वणीच्या अत्यवस्थ रुग्णाला यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय गाठायला शंभरेक किलोमीटर जावं लागत होतं.

खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. 2020 च्या मार्चमध्ये केंद्राने त्याच्या शिल्लकीतली 30 टक्क्यांपर्यंतची रक्कम कोरोनासाठी वापरायला मुभा दिली होती. संकट दारात आल्यावर ही मुभा मिळाली. आमची मागणी संकट येण्याआधीच्या तयारीची आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणीतल्या प्रत्येक खाणकामगाराची, कंत्राटी असो की कायम, दरवर्षी छातीची तपासणी व्हावी आणि तिची नोंद ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या हाती राहावी. वणीत अतिदक्षता खाटा आणि प्राणवायूची कायमची सोय हवी. खाणीलगतच्या गावांनाही हेच लागू करा. धूळ हजेरीपट पाहून कुणाच्या छातीत शिरत नाही.

या अंकाचा मोठा भाग आम्ही याच तीन तालुक्यांना दिला आहे. जिल्हा नियोजनाच्या बैठकीला जाणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीकडे अंक पोचवणार आहोत आणि निधीतली किती रक्कम वणीच्या दवाखान्याला मिळाली, हे पुढच्या दिवाळीला याच पानावर छापणार आहोत.