कुमुदिनी तळ्याची सोपी वाट

एका दिवसात जाऊन परत येता येईल, दोर किंवा तंबू बरोबर घ्यावा लागणार नाही आणि शाळकरी मुलापासून साठी उलटलेल्या माणसापर्यंत बहुतेकांना आपापल्या चालीने पार करता येईल, अशा डोंगरवाटेला सह्याद्रीविषयीच्या मराठी लेखनात फारसा मान मिळालेला नाही. ते लेखन प्रामुख्याने गडकोट, कडे आणि अवघड घाटवाटा यांच्याभोवती फिरत राहिले. वास्तविक बहुसंख्य लोकांचा डोंगराशी होणारा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, परिचय सोप्या वाटेवरच होतो. म्हणून अशा वाटेची निगा हा सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावरून कुमुदिनी तळ्याकडे जाणारी वाट या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर असलेले हे पठार म्हणजे सह्याद्रीतला एक ‘सडा’ होय. काळ्या बसाल्ट खडकाची दीर्घकाळ झीज होऊन त्यावर जांभ्या दगडाचा जो कठीण थर तयार होतो, त्याच्या सपाट, जवळजवळ वृक्षहीन माथ्याला सडा म्हणतात. येथे मातीचा थर अत्यंत पातळ असतो, पावसाळ्यात पाणी खडकावर साचून राहते आणि पाऊस सरल्यावर तोच खडक कोरडा पडून तापतो. त्यामुळे येथील बहुतेक वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे काही महिन्यांतच उरकावे लागते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर दिसणारा फुलांचा बहर हा या घाईचाच परिणाम आहे.

पठारावरून निघणारी ही वाट सातारा आणि महाबळेश्वर या ठिकाणांना जोडणाऱ्या जुन्या मार्गाचा भाग असून तिला ‘राजमार्ग’ म्हणतात. तिच्यावर अवघड चढ नाही आणि सुमारे दोन किलोमीटर चालल्यावर तळे येते. वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा, सोनकी आणि गेंद यांचे ताटवे लागतात. ओलसर जागी सीतेची आसवे आणि गवती दवबिंदू दिसतात. या शेवटच्या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी आहेत. सड्याच्या मातीत नत्र कमी असल्याने त्या ही उणीव सूक्ष्म जीवांपासून भरून काढतात: सीतेची आसवे पाण्यातल्या बारीक पिशव्यांनी जीव आत ओढून घेतात, तर दवबिंदूच्या पानांवरील चिकट केसांना कीटक चिकटून बसतात. दर सात वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलणारी टोपली कारवीही याच परिसरातली. वाटेच्या शेवटी येणारे तळे आकाराने लहान असले तरी पाण्यावर पसरलेल्या पानांमधून वर येणारी, पाकळ्यांच्या कडांना झालर असलेली कुमुदिनीची पांढरी फुले त्याला नाव देऊन गेली आहेत.

याच परिसरात, पठाराच्या खालच्या अंगाला, सातारा शहराला पिण्याचे पाणी पुरवणारा एकोणिसाव्या शतकातला कास तलाव आहे. डोंगरावरून उताराने वाहत येणारे हे पाणी शहरातल्या नळांपर्यंत पोहोचते, आणि म्हणून तलावाच्या काठी टाकलेला कचरा हा केवळ सौंदर्याचा भंग राहत नाही, तो सातारकरांच्या आरोग्याचा विषय होतो.

2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत. कासची कीर्ती वाढली तशी हंगामातली गर्दीही वाढली. पातळ मातीवर माणसांचे पाय सतत पडले की ती दाबली जाते, तिच्यातले कंद आणि बिया नष्ट होतात; फूल खुडले की पुढच्या वर्षीचे बीही जाते. यावर उपाय म्हणून प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दैनंदिन संख्येची मर्यादा लागू झाली, आणि व्यवस्थेत कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांना स्थान मिळाले. पठाराभोवती जाळीचे कुंपणही उभारले गेले. पण त्याने गुरांचे चरणे थांबून उंच गवत माजते आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेनासे होते, असा आक्षेप घेतला गेला. या आक्षेपातले मर्म असे की गावकरी आणि त्यांची गुरे ही या निसर्गव्यवस्थेचे घटक आहेत. त्यांना बाहेर ठेवून केलेले संरक्षण अपुरे राहते.

सुगमतेचा, म्हणजे सर्वांना सहज पोहोचता येण्याचा, अर्थ वाहन अगदी पाण्याच्या काठाशी नेऊन उभे करणे असा लावला जातो, तेथेच मूळ चूक होते. राजमार्गावर वाहनांना कायमची मनाई असावी, वाट दगडांनी आखलेली असावी म्हणजे पावले सड्यावर पसरणार नाहीत, आणि ज्यांना चालणे शक्य नाही अशा वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी मोजक्या फेऱ्यांची सोय स्थानिक गावांनी चालवावी. वाटाड्याचे काम याच गावांतील तरुणांना मिळावे, कारण कोणत्या खळग्यात कोणती वनस्पती केव्हा उगवते याचे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. शाळांच्या सहली रविवारी न आणता आठवड्याच्या मधल्या दिवशी आणाव्यात, म्हणजे मुलांना फुलांशेजारी थांबून पाहण्याइतका अवकाश मिळेल.

दोन किलोमीटरची पायपीट हा या स्थळाचा उणेपणा मानू नये. त्या अर्ध्या-पाऊण तासात सडा म्हणजे काय, पाणी कोठे थांबते आणि मूठभर मातीवर किती जीव तगून असतात, हे चालणाऱ्याला उमगत जाते. तळ्याशी पोहोचेपर्यंत त्याला पाऊल कोठे टाकू नये हे कळलेले असते. असे शिक्षण देणारी वाट सर्वांसाठी खुली राहावी आणि तिच्यावरून पुढच्या पिढीलाही कुमुदिनी पाहायला मिळावी, एवढी काळजी आजच्या पिढीने घ्यायलाच हवी.