वसीयत: पोरक्या नातवंडांसाठी

कोकणातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पतीचा इंतेकाल झाला, पदरी दोन लहान मुले. सासऱ्यांनी स्टॅम्पपेपरवर वसीयत लिहून ठेवली आहे: घर नातवंडांना, आंब्याची बाग धाकट्या मुलाला. सासूबाई हयात आहेत, दोन नणंदा लग्न होऊन गेल्या. ‘उद्या कोणी कोर्टात गेले तर ही वसीयत टिकेल का?’ असे त्या विचारतात.

भगिनी, आहे तशी टिकणे कठीण. खोट मजकुरात आहे. स्टॅम्पपेपर तर लागतच नाही, वसीयत साध्या कागदावरही चालते.

तुमचे दीर हयात असल्यामुळे तुमच्या मुलांना आजोबांच्या विरासतीत हिस्सा येत नाही. सून म्हणून तुम्हालाही येत नाही. अशाच माणसांसाठी वसीयतीची वाट मोकळी ठेवलेली आहे, पण एक तृतीयांशापर्यंतच. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारपणात दोन तृतीयांश माल खैरात करू पाहत होते. हुजूर (सल्ल.) यांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेवढेही पुष्कळ आहे, असे सांगितले.

हा तृतीयांश काढायचा तो कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाऊन. सासूबाईंचा मेहेर अजून दिला नसेल तर तेही कर्जच, हे बहुतेक घरांत विसरले जाते. उरलेल्या मालमत्तेच्या तृतीयांशात घराची किंमत बसत असेल तर घर नातवंडांना जाईल. जास्त असेल तर वरच्या भागाला वारसांची संमती हवी, आणि ती सासऱ्यांच्या मृत्यूनंतर दिलेली. आज नणंदांनी सही केली तरी त्या बांधल्या जात नाहीत. म्हणून ‘घर माझ्या निव्वळ मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या मर्यादेत’ असे स्पष्ट लिहिलेले बरे.

बागेचे मात्र वेगळे आहे. धाकटा मुलगा स्वतः वारस. त्याच्या नावाची वसीयत आई आणि बहिणींच्या संमतीशिवाय चालणार नाही. हयातीत हिबा करता येतो, पण मग बागेचा ताबा खरोखर सोडावा लागेल. मरणाच्या आजारात केलेल्या हिब्याला पुन्हा वसीयतीच्याच मर्यादा लागतात. शिवाय एकाच मुलाला दिलेल्या देणगीला साक्षीदार व्हायला हुजूर (सल्ल.) यांनी नकार दिला होता, हेही सासऱ्यांच्या कानावर घाला. मुलींचा हक्क बागेतही आहे.

आता पुराव्याचे. आपल्या कायद्यात तोंडी वसीयतही मान्य आहे, पण ती सिद्ध करताना वारसांच्या नाकी नऊ येतात. ती लिहावी, तारीख घालावी, आधीची रद्द केल्याचे नमूद करावे. दोन साक्षीदार असावेत: ज्यांना काही मिळणार नाही असे, आणि वयाने सासऱ्यांपेक्षा लहान. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा की माणूस शुद्धीवर व समजत्या स्थितीत आहे. सासरे उर्दू वाचत असतील आणि मजकूर मराठीत असेल, तर तो वाचून समजावून दिल्याची ओळ हवी. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. त्यावर मुद्रांक शुल्क नाही.

पण नोंदणी म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. वसीयतीभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तो संशय वसीयत पुढे आणणाऱ्यानेच दूर करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगितले आहे. म्हणून थोडे कटू सांगते: या कामात तुम्ही दूर राहा. वकील तुम्ही शोधू नका, मजकूर तुम्ही सांगू नका, सही होताना खोलीत थांबू नका. फायदा ज्यांचा, त्यांच्याच आईने सारे केले, एवढा एक मुद्दा वर्षानुवर्षे दावा लांबवायला पुरतो. सासऱ्यांना मशिदीतल्या कोणा विश्वासू माणसाबरोबर जाऊ द्या.

मूळ प्रत घरच्या कपाटात ठेवू नका. ती मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, आणि कुठे आहे ते दिरांनाही माहीत असू द्या.