किल्ली कोणाच्या खिशात?

मंडळी, आसनगावच्या एका कारखान्यात परवा पुन्हा तोच तमाशा. नवा चिलर आणला, पण तो जुन्या पॅनेलशी बोलेना. का? तर पॅनेलवाल्याची 'स्वतःची खास' भाषा! आता त्याच्याच दारात जा, मागेल तो भाव द्या.

अहो, मॉडबस १९७९ पासून आहे, आज सगळ्यांना खुलं आहे. आरएस-४८५च्या दोन तारा, कमी वेगात १२०० मीटरपर्यंत... लहान कारखान्याला आणखी काय हवं? मोठ्या इमारतीला १९९५चं बॅकनेट बरं.

मॉडबसमध्ये एक ग्यानबाची मेख आहे: कुठल्या रजिस्टरात तापमान नि कुठल्यात दाब, हे यंत्र बनवणाराच सांगणार. तो तक्ता हातात आल्याशिवाय चेक फाडू नका!

यंत्र आपलं, वीजबिल आपलं, मग किल्ली दुसऱ्याच्या खिशात का?

असो. कसारा लोकल आली, पळतो.