कर्नलच्या दप्तरातले राहिलेले फेरफार

लिनक्स कर्नलची, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात आणि ते करणारे दोन हजारांच्या आसपास लोक जगभर विखुरलेले असतात. अँड्रॉइडचे फोन, बहुतेक सर्व्हर आणि जगातले पहिले पाचशे महासंगणक याच कर्नलवर चालतात. कर्नलच्या कोडबरोबर ‘डॉक्युमेंटेशन’ नावाची एक डिरेक्टरीही येते. हा भाग कसा वागतो, अमुक सेटिंग बदलले तर काय होते, हे सांगणाऱ्या हजारो फायली तिच्यात आहेत. कोडमधली ओळ चुकली तर यंत्र बंद पडते, चाचणी फसते, कोणीतरी तक्रार करतो. या फायलींतले एखादे वाक्य खोटे ठरले तर मात्र कोणालाच कळत नाही. जमीन विकली गेली पण फेरफार नोंदवायचा राहिला, की सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव दिसत राहते. कर्नलच्या दप्तरात असे राहून गेलेले फेरफार पुष्कळ आहेत.

त्यांची किंमत काय पडते, हे यादृच्छिक आकड्यांच्या प्रकरणात चांगले दिसते. गुप्त किल्ल्या बनवायला कोणाला आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. ते पुरवणाऱ्या रँडम आणि युरँडम अशा दोन डिव्हाइस फायली लिनक्समध्ये नव्वदच्या दशकापासून आहेत. आपल्याजवळची अनिश्चितता संपत आली असा अंदाज झाला की रँडम मागणाऱ्याला ताटकळत ठेवी. युरँडम कधीच थांबवत नसे. मॅन पेजेस म्हणजे लिनक्सची संदर्भपाने. ती कर्नलबाहेरच्या स्वतंत्र प्रकल्पात लिहिली जातात. तिथे बरीच वर्षे असा सल्ला होता की युरँडमवर निदान तत्त्वतः हल्ला होऊ शकतो, म्हणून दीर्घकाळ वापरायच्या किल्ल्यांसाठी रँडम घ्यावे. संदर्भपान वाचणारी माणसे मुळातच सावध. त्यांनी रँडम घेतले. मग फारशी हालचाल नसलेल्या सर्व्हरवर, विशेषतः व्हर्च्युअल मशीनवर, किल्ली बनवणारे प्रोग्रॅम अडून बसू लागले आणि ते मोकळे करायला निराळी साधने निघाली.

वास्तविक आकडे तयार करणारी यंत्रणा एकदा नीट सुरू झाली, की दोन्हींच्या दर्जात व्यवहारात फरक उरत नाही, हे जाणकार सांगत होते. धोका होता तो मशीन नुकतेच सुरू होते त्या काळात. युरँडम तेव्हाही बेधडक आकडे देई. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या मोठ्या प्रमाणावर तपासल्या, तेव्हा राउटरसारख्या छोट्या उपकरणांच्या कितीतरी किल्ल्या एकसारख्या किंवा फोडता येण्याजोग्या निघाल्या. त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. पुढे २०१४ मध्ये, यंत्रणा नीट सुरू होईपर्यंतच थांबवणारा गेटरँडम हा सिस्टिम कॉल आला, मॅन पेज दुरुस्त झाले आणि २०२० च्या ५.६ आवृत्तीत, यंत्रणा एकदा सुरू झाल्यावरचे रँडमचे ते अडणेच काढून टाकले गेले. जुना सल्ला मात्र अजून नकलून घेतला जातो. पान कोरे असते तर प्रोग्रॅमरने कोणाला तरी विचारले असते. ते भरलेले होते, म्हणून त्याने विचारले नाही.

कर्नलवाल्यांनी हात बांधून बसणे पसंत केले, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून, जोनाथन कॉर्बेट डॉक्युमेंटेशन विभागाचे मेंटेनर, म्हणजे देखरेख करणारे, असताना, पाने तयार करणारी डॉकबुकची जुनी यंत्रणा सोडून स्फिंक्स आणले गेले. फंक्शनच्या डोक्यावरच विशिष्ट पद्धतीने टिप्पणी लिहायची आणि त्यातून पाने तयार करायची, ही कर्नल-डॉकची रीत आधीपासून होती. आता टिप्पणीत दिलेली पॅरामीटरची नावे प्रत्यक्ष कोडशी जुळत नसतील तर बिल्ड करतानाच इशारा मिळवता येतो. बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीचे नियम पूर्वी साध्या गद्यात असत. ते आता यॅमलमध्ये लिहिले जातात आणि बोर्डाचे वर्णन त्यांना धरून आहे का, हे यंत्र तपासते. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. अनेक डिरेक्टरींत हाताने केलेली एक अनुक्रमणिका असे आणि ती कोणीच अद्ययावत ठेवत नसे. त्या सगळ्या फायली काढून टाकल्या गेल्या. या साऱ्या सुधारणांत आम्हाला हीच सर्वांत शहाणपणाची वाटते. जे सांभाळायला माणूस नाही ते ठेवू नये, एवढा निर्णय घ्यायलाही बरीच वर्षे गेली.

अर्थात यंत्र नाव जुळवते, अर्थ नाही. ‘हे फंक्शन बोलावण्यापूर्वी अमुक लॉक घेतलेला असावा’ असे टिप्पणीत लिहिलेले असते; लॉक म्हणजे एकाच माहितीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घातलेले कुलूप. उद्या लॉक बदलला, तरी पॅरामीटरची नावे तीच राहतात आणि इशारा देणाऱ्या स्क्रिप्टला काही खटकत नाही. त्यावर तोडगा कर्नलमध्येच आहे. लॉकडेप ही लॉक तपासणारी यंत्रणा २००६ पासून आहे. तिच्यासाठी एक ओळ फंक्शनमध्ये घातली, की तपासणी सुरू असलेल्या कर्नलमध्ये लॉक नसताना कोणी तिथे पोहोचला तर ताबडतोब बोंब होते. तेच विधान, पण आता ते खोटे झाल्यावर गप्प राहू शकत नाही. मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणाऱ्या मेमरी बॅरिअर्सबद्दलचे जुने लांबलचक टिपण आपण अपुरे असल्याचे स्वतःच कबूल करते. त्याच्या जोडीला २०१८ मध्ये यंत्राने पडताळता येईल असे औपचारिक मेमरी मॉडेल आले, ते याच दिशेचे पाऊल. दस्तऐवजातले जेवढे कोडमध्ये हलवता येईल तेवढे हलवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उरेल ते ‘असे का केले’ याचे उत्तर, आणि ते माणसानेच लिहायचे असते.

ते कोणी लिहायचे, याबद्दल नियम आहेत. पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, पाठवण्यापूर्वीच्या तपासयादीत नवा बूट पॅरामीटर, ‘प्रॉक’मधली नवी नोंद, वापरकर्त्यांना दिसणारा नवा इंटरफेस यांची माहिती लिहिणे आवश्यक धरले आहे. पण ही यादी नव्यावर भर देते. जुने वर्तन बदलणाऱ्या पॅचला ‘त्या पानावरचे वाक्य बदललेस का’ असे विचारले जाईल की नाही, हे त्या त्या विभागाच्या मेंटेनरवर अवलंबून असते. कर्नलच्या आतले इंटरफेस मुद्दाम बदलते ठेवलेले असल्यामुळे तिथली पाने लवकर शिळी होतात, हे आपण समजू शकतो. प्रशासकांना आणि ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना दिसणारा भाग मात्र मोडायचा नाही, हे कर्नलचे जुने वचन आहे. निदान त्या भागाच्या पानांबाबत तरी दुरुस्तीशिवाय पॅच परत पाठवण्याची शिस्त हवी.

शिस्तीला पगारही लागतो. कर्नलमधले बहुसंख्य बदल नोकरीचा भाग म्हणून केले जातात. फक्त कर्नलचे दस्तऐवज लिहिण्यासाठी नेमलेला माणूस मात्र शोधूनही सापडणे कठीण. मॅन पेजेसचा भार मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ वाहिला. त्यांच्यानंतर ते काम पाहणारे आलेहान्द्रो कोलोमार यांना २०२४ मध्ये पैशाअभावी हात थांबवावा लागला, आणि काही कंपन्यांनी खर्च उचलल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. बहुतेक लिनक्स डेस्कटॉप आणि सर्व्हरांसाठी ही पाने उपलब्ध असतात. पुण्यात-बंगळुरूत कर्नलवर काम करणारे अभियंते आहेत. त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात स्वीकारले गेलेले पॅच मोजले जात असतील; चुकीचे पान दुरुस्त करणारा पॅच त्या मोजणीत ड्रायव्हरच्या पॅचइतकाच धरायला कंपन्यांना कोणाची परवानगी लागत नाही.