विकतचे भय आणि गृहीत धरलेली सुरक्षितता

सप्टेंबर सरू लागला की अमेरिकेत ठिकठिकाणी भयगृहांची दारे उघडतात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंतचे पाच-सहा आठवडे हा या धंद्याचा सुगीचा काळ. आईबाप आणि मुले असे सारे कुटुंब संध्याकाळी तिकिटे काढून रांगेत उभे राहते. मग एकमेकांचे हात घट्ट धरून ते अंधाऱ्या, वाकड्यातिकड्या बोळांत शिरते. वळणावळणावर प्रेते, चेटकिणी, करवत घेतलेले खाटीक अंगावर धावून येतात. मागल्या दाराने बाहेर पडेपर्यंत किंकाळ्यांचे हसण्यात रूपांतर झालेले असते.

आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी हा सण अमेरिकेत रुजविला. घरोघरच्या या सणाला बाजाराने तिकीट लावले ते बरेच नंतर. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ साली हॅलोविनच्या रात्रींचा खास कार्यक्रम सुरू केला, आणि मोठमोठ्या उद्यानांनी पुढे तोच कित्ता गिरविला. २०२३ साली हॅलोविनवर अमेरिकन ग्राहक एकूण १,२२० कोटी डॉलर खर्च करतील, असा अंदाज तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्तविला होता.

या हौसेकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. भुताच्या गोष्टी ऐकण्यासाठी आजीच्या कुशीत शिरणारे मूल सर्व समाजांत सापडते. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील एका भयगृहात ११० प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. भय फार कमी असले तर मजा येत नाही, फार वाढले तरीही येत नाही. आनंद मिळतो तो मधल्या मर्यादेत, असे त्यांना आढळले. ही मर्यादा एका विश्वासावर उभी असते. समोरची करवत खोटी आहे, भिंतीमागे कोणी तरी जबाबदार माणूस आहे आणि बाहेर पडण्याची वाट खुली आहे, हा तो विश्वास. प्रेक्षक पैसे मोजतो ते भयासाठी. सुरक्षितता तो गृहीत धरतो.

हे गृहीत केवढे महाग पडू शकते, हे ११ मे १९८४ रोजी दिसले. न्यू जर्सीतील जॅक्सन येथील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातील ‘हाँटेड कॅसल’ला त्या संध्याकाळी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत मृत्युमुखी पडली. हा ‘किल्ला’ म्हणजे मालवाहू ट्रेलर एकमेकांना जोडून उभी केलेली रचना होती. आतल्या भिंतींना काही ठिकाणी लावलेला फोम पेट घेणारा होता. आग विझविणारे पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारी यंत्रणाही नव्हती. रचना ‘तात्पुरती’ मानली गेल्यामुळे कायम इमारतींचे नियम तिला लागू झाले नव्हते. ही तात्पुरती रचना मात्र वर्षानुवर्षे तिकिटे विकत होती. कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. १९८५ साली ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले.

जेथे किंकाळी हाच रिवाज असतो, तेथे खरी किंकाळी ओळखायची कोणी आणि कशी? या प्रश्नाचे उत्तर मालकांच्या सदिच्छेवर सोपविता येत नाही, हे त्या आगीनंतर अमेरिकेतील नियमकर्त्यांनी ओळखले. अशा रचनांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या: पाण्याचे फवारे हवेत, धूरसूचक हवेत, धोक्याची सूचना मिळताच गोंधळात टाकणारे आवाज बंद व्हावेत, दिवे लागावेत आणि बाहेरची वाट स्पष्ट दिसावी. आज तेथील कुटुंब हसत बाहेर पडते त्यामागे हे नियम उभे आहेत, आणि नियमांमागे आठ घरांचा शोक आहे.

या करमणुकीची आणखी एक बाजू अंधारातच राहते. मुखवटा चढवून रात्रभर ओरडणारा, शेकडो वेळा तेच सोंग वठविणारा माणूस हा हंगामी कामगार असतो. अमेरिकेचा संघीय किमान वेतनाचा दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थिजलेला आहे. वर्षातून सात महिन्यांहून अधिक काळ न चालणाऱ्या करमणूक-संस्थांना तर संघीय कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला या दोन्हींतून सूट दिली आहे. काही राज्यांचे कायदे अधिक उदार आहेत. पण जेथे ते नाहीत, तेथे ‘हंगामी’ हा शब्द कामगाराच्या बाबतीत तेच करतो, जे ‘तात्पुरती’ या शब्दाने जॅक्सनच्या किल्ल्याच्या बाबतीत केले. उत्पन्न खरे, जबाबदारी मात्र तात्पुरती! आणि मोठ्या उद्यानांत जास्त पैसे मोजणाऱ्याला रांग टाळून पुढे जाता येते. भुतांसमोर तरी सारे समान असावेत, हेही बाजाराला मंजूर नाही.

हा दूर देशीचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. २५ मे २०२४ रोजी, सुट्टीच्या दिवसांतल्या शनिवारी, राजकोटमधील टीआरपी गेम झोनला आग लागून २७ जण दगावले. त्यांत मुले होती. सवलतीचे तिकीट होते ९९ रुपये. पत्र्याच्या रचनेत चाललेल्या त्या केंद्राजवळ अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. जॅक्सननंतर चाळीस वर्षांनीही तीच कथा घडावी, याला दुर्दैव म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

कष्टाच्या आठवड्यानंतर मुलाबाळांसह चार घटका हसण्याचा, हवे तर घाबरण्याचाही, सामान्य कुटुंबाला पूर्ण हक्क आहे. आनंदासाठी घेतलेल्या ९९ रुपयांच्या तिकिटावर जिवंत घरी परतण्याची हमीही असली पाहिजे. ती हमी देणे हे शासनाचे काम आहे आणि ती मागणे हे नागरिकांचे. दार उघडण्याआधी तपासणी, तपासणीचा दाखला तिकीटघरावर सर्वांना दिसेल असा लावलेला, आणि ‘तात्पुरते’ व ‘हंगामी’ या शब्दांना कायद्यात पळवाट नाही, एवढे तरी आता ठामपणे मागितले पाहिजे. भुते खोटी असावीत. बाहेर पडण्याचे दार मात्र खरे असावे.